हौशी साहित्य-नाट्य मंडळांतील विधायक टीका : वेळ, मागणी आणि कसोटी
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर)

प्रस्तावना

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत कविता लिहिणे, गझल रचणे व नाटक बसविणे ही हौस महाविद्यालयांच्या मराठी विभागांपुरती कधीच मर्यादित राहिली नाही. शाळेतील शिक्षक, शेतकरी, बँकेतील कर्मचारी, वकील, गृहिणी, एस. टी. महामंडळातील वाहक अशा नाना व्यवसायांतील माणसे आपला दिवसाचा उद्योग सांभाळून या कलांकडे वळतात. मराठवाडा साहित्य परिषदेच्या स्थानिक शाखा, वाचनालये, महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे, गावोगावची ग्रामीण साहित्य संमेलने आणि राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा ही या हौसेची परिचित ठिकाणे होत. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तालुक्याच्या गावाने एवढा भार उचलला, यामागे या भागातील वाङ्मयीन हौसेचे बळ होते.

या हौसेला व्यासपीठाची वाण पूर्वीइतकी राहिलेली नाही. वाण आहे ती जाणत्या प्रतिसादाची. कविसंमेलनात टाळ्या मिळतात, प्रकाशन समारंभात गौरवाची भाषणे होतात, स्पर्धेत क्रमांक लागतो किंवा लागत नाही. परंतु आपली रचना नेमकी कोठे उभी राहिली आणि कोठे ढासळली, हे लिहिणाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही. सांगितलेच तर ते अशा वेळी आणि अशा रीतीने सांगितले जाते की, त्याचा उपयोग होण्याऐवजी मनस्तापच पदरी पडतो.

या प्रश्नाचे महत्त्व येथे विशेष आहे. या भागात लिहू लागणाऱ्यांपैकी अनेक जण आपल्या घराण्यातील लिहिणाऱ्यांची पहिली पिढी असतात. घरात पुस्तकांचे कपाट नाही, ओळखीत संपादक नाही, अशा व्यक्तीला मंडळातील चार जाणत्या माणसांचा शब्द हीच एक शाळा असते. ही शाळा केवळ वाहवा करणारी असेल तर ती व्यक्ती आहे तेथेच राहते. ती टवाळी करणारी असेल तर लिहिणेच सोडून देते. दोन्ही प्रकारे हानी एकच होते.

लेखाचे उद्दिष्ट व मर्यादा

हौशी कलामंडळात टीका विधायक केव्हा ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी या प्रदेशाच्या सांस्कृतिक वारशातील तीन रीतींचा विचार येथे केला आहे : गझलेतील इस्लाह, नाटकातील तालीम आणि ग्रंथातील प्रस्तावना. विवेचन काव्य व नाट्य या दोन क्षेत्रांपुरते सीमित आहे. वृत्तपत्रीय परीक्षण आणि विद्यापीठीय समीक्षा यांचा हेतू वेगळा असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

मराठीत 'टीका' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'भावार्थदीपिका' ही गीतेवरील टीका होय, असे म्हणताना टीका म्हणजे उलगडा. 'त्याच्यावर टीका झाली' असे म्हणताना टीका म्हणजे दोषारोप. व्यवहारात दुसरा अर्थ इतका बळावला आहे की, पहिल्याचा विसर पडावा. विधायक टीकेचा विचार करताना हा पहिला अर्थ पुन्हा जागा करावा लागतो. रचना उलगडून दाखविल्याखेरीज तिच्यातील दोष दाखविता येत नाही.

दाद आणि टीका यांतही भेद केला पाहिजे. दाद तात्काळ, उत्स्फूर्त आणि जाहीर असते. ती कर्त्याला उभारी देते, पण काय बदलावे हे सांगत नाही. निंदा हा तिसरा प्रकार. निंदकाला शेजारी जागा द्यावी, असा उपदेश संतपरंपरेने केला आहे. परंतु तो ऐकणाऱ्याच्या आत्मशुद्धीसाठी आहे. निंदकाला रचनेशी देणेघेणे नसते, त्याचे लक्ष्य व्यक्ती असते. विधायक टीका रचनेविषयी बोलते आणि रचनेच्या पुढील रूपाकडे पाहते.

इस्लाह : खासगीत केलेली दुरुस्ती

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने या भागातील सुशिक्षितांच्या एका पिढीवर उर्दू काव्याचे संस्कार झाले. मुशायरा आणि त्यातील 'वाहवा' ही या संस्काराची जाहीर बाजू. तिची खासगी बाजू म्हणजे इस्लाह. शागिर्दाने आपली रचना उस्तादाकडे द्यावी, उस्तादाने ती शब्द न् शब्द तपासावी, कोठे शब्द बदलावा, कोठे ओळ खोडावी आणि कागद परत करावा, अशी ही रीत होती.

इस्लाह पुष्कळदा टपालानेही होत असे. मिर्झा गालिब यांनी मुन्शी हरगोपाल तफ्ता या शिष्याला लिहिलेली पत्रे या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. दाग देहलवी हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे उस्ताद म्हणून हैदराबादेत राहिले आणि १९०५ मध्ये तेथेच निवर्तले. दूरवरचे शिष्य त्यांच्याकडे टपालाने रचना पाठवीत. तरुणपणी महंमद इक्बाल यांनीही आपल्या गझला त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी पाठविल्या होत्या. थोड्याच काळात, यापुढे दुरुस्तीची फारशी गरज नाही, असे दाग यांनी त्यांना कळविले.

या शेवटच्या गोष्टीत इस्लाहचे मर्म आहे. ज्याला आता उस्तादाच्या दुरुस्तीची गरज उरली नाही, अशा शिष्यासाठी 'फारिग-उल-इस्लाह' अशी स्वतंत्र संज्ञा उर्दू परंपरेत होती. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याने एक दिवस अनावश्यक व्हावे, हे या पद्धतीचे घोषित साध्य होते. ज्या मंडळात वीस वर्षे तेच मार्गदर्शक आणि तेच नवोदित राहतात, तेथे या साध्याचा विसर पडला आहे, असे समजावे.

मराठीत माधव ज्यूलियन यांनी 'गज्जलांजली' (१९३३) द्वारे गझल रुजविण्याचा प्रयत्न केला. पुढे सुरेश भट (१९३२–२००३) यांनी तिला स्वतंत्र मराठी व्यक्तिमत्त्व दिले. या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या 'गझलेची बाराखडी' या छोट्या पुस्तिकेचे मोल फार आहे. मतला, शेर, काफिया, रदीफ, अलामत आणि वृत्त यांचे नियम तिने साध्या मराठीत नवोदितांसमोर ठेवले. उस्तादाच्या मनात असलेली कसोटी यामुळे छापील आणि सर्वांची झाली. लिहिणारा आणि तपासणारा हे दोघेही एकाच नियमाला बांधले गेले.

कसोटी आधीच ठाऊक असल्याने टीकेचा स्वर कसा बदलतो, हे एका साध्या उदाहरणावरून दिसते. एखाद्याने मतल्यात 'पाणी' आणि 'कहाणी' हे काफिये योजले. 'णी' या अक्षराआधीचा 'आ' हा स्वर येथे अलामत म्हणून पक्का झाला. पुढील शेरात त्याने 'पेरणी' हा शब्द आणला, तर 'णी'च्या आधी 'अ' येतो आणि अलामत तुटते. हे सांगताना तपासणाऱ्याला कोणाच्या प्रतिभेविषयी बोलावे लागत नाही. 'पेरणी' हा शब्द कवीला कितीही जिव्हाळ्याचा असो, त्या जागी तो बसत नाही, आणि हे कवी स्वतःही पडताळून पाहू शकतो. अशा टीकेने अपमान होत नाही, कारण ती व्यक्तीच्या मताचा भाग नसते.

तालीम : बदल शक्य असतानाची टीका

नाटकाच्या क्षेत्रात टीकेची जागा निसर्गतःच ठरलेली आहे. ती म्हणजे तालीम. वाचन, उभ्या तालमी आणि शेवटी रंगीत तालीम या क्रमात दिग्दर्शक नटाला थांबवितो, पुन्हा करावयास लावतो, आणि कोणीही त्यास अपमान मानीत नाही. प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षागृहात उभे राहून हीच सूचना केली तर तो अपमान होईल. शब्द तेच, माणसेही तीच; फरक फक्त वेळेचा. रंगीत तालमीला गावातील दोन-चार जाणकारांना बोलाविण्याची जी प्रथा हौशी संस्थांत आढळते, ती याच जाणिवेतून आली आहे. नेपथ्य, प्रकाश व वेशभूषा यांसह सगळे नाटक दिसते, आणि तरीही काही प्रमाणात बदल करण्यास अवधी असतो.

स्पर्धेच्या परीक्षकांची भूमिका याहून निराळी आहे. त्यांनी तुलना करून निकाल द्यावयाचा असतो. हौशी संघ मात्र पुष्कळदा निकालालाच टीका समजतात. क्रमांक आला की नाटक उत्तम आणि हुकला की परीक्षक पक्षपाती, अशा दोन टोकांच्या मध्ये शिकण्याची जागा उरत नाही. निकालानंतर परीक्षकांशी झालेली अर्ध्या तासाची शांत चर्चा ही पुढील वर्षाच्या नाटकासाठी बक्षिसाच्या रकमेइतकीच उपयोगी असते.

टीका कोणी करावी, याविषयी भरताच्या नाट्यशास्त्रातील विवेचन लक्षणीय आहे. सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी, प्रयोगातील घात म्हणजे विघ्ने आणि प्राश्निक म्हणजे परीक्षक यांचा विचार येतो. यज्ञाच्या दृश्याविषयी यज्ञ जाणणाऱ्याला विचारावे, अभिनयाविषयी नर्तकाला, वृत्ताविषयी छंद जाणणाऱ्याला, शस्त्रांच्या हालचालींविषयी धनुर्विद्या जाणणाऱ्याला, राजदरबारातील रीतीविषयी राजसेवकाला, अशी कामाची वाटणी तेथे सांगितली आहे. या यादीत गणिकेलाही परीक्षकाचे स्थान आहे. अधिकार हा प्रतिष्ठेवरून ठरत नाही, त्या त्या विषयाच्या ज्ञानावरून ठरतो, असा याचा आशय आहे. सोयाबीनच्या रास-मळणीचे दृश्य रंगमंचावर येत असेल, तर त्या दृश्यापुरता ज्याने मळणी केली आहे असा शेतकरी हा प्राध्यापकापेक्षा मोठा प्राश्निक ठरतो.

प्रस्तावना : खुल्या संवादाची रीत

भरताच्या नाट्यशास्त्रावर मराठीत ज्यांनी मर्मग्राही लेखन केले, ते नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) नांदेडचेच. पीपल्स महाविद्यालयात अध्यापक आणि पुढे प्राचार्य म्हणून त्यांनी काम केले. 'रूपवेध', 'धार आणि काठ' यांसारख्या ग्रंथांचा हा समीक्षक प्रस्तावना-लेखक म्हणूनही विख्यात होता. प्रस्तावना म्हणजे आशीर्वादाचे चार शब्द, ही रूढी त्यांनी मोडली. लेखकाच्या भूमिकेशी वाद घालणे, त्याने न विचारलेले प्रश्न विचारणे आणि तरीही ग्रंथाचे मोल वाचकासमोर नीट मांडणे, हे एकाच लेखनात शक्य असते, असे त्यांच्या प्रस्तावना दाखवितात.

रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीची त्यांनी लिहिलेली पत्ररूप प्रस्तावना हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. शिवचरित्राकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, पुराव्याचे वजन कसे करावे, चरित्रनायकाचे थोरपण नेमके कशात शोधावे, याची दीर्घ चर्चा तीत आहे. लोकप्रिय लेखकाने एका समीक्षकाचे इतके प्रदीर्घ व स्वतंत्र विवेचन आपल्या ग्रंथाच्या आरंभीच छापावे, ही टीका स्वीकारण्याचीही एक रीत आहे. दुसऱ्याचे स्वतंत्र मत शेजारी उभे राहिल्याने आपली कृती लहान होत नाही, हा विश्वास त्यामागे असतो.

आज या दोन जिल्ह्यांत निघणाऱ्या अनेक पहिल्या कवितासंग्रहांचा क्रम मात्र उलटा दिसतो. कवी पदरमोड करून संग्रह छापतो, मान्यवरांकडून मलपृष्ठावर गौरवाचा मजकूर घेतो, प्रकाशन समारंभ होतो, आणि त्यानंतर कोणी तरी खासगीत सांगतो की, यातील निम्म्या कविता वगळावयास हव्या होत्या. हे मत अचूक असले तरी त्या संग्रहापुरते ते निरुपयोगी आहे. हेच वाक्य हस्तलिखित हाती असताना उच्चारले गेले असते, तर कवीचे पैसे आणि कवितेची अब्रू दोन्ही वाचली असती. ते उच्चारले जात नाही याचे कारण सामाजिक आहे. लहान शहरात टीका करणारा हा कवीचा शिक्षक, सहकारी, सोयरा किंवा शेजारी असतो. 'सर', 'ताई', 'गुरुजी' या संबोधनांनी बांधलेल्या नात्यात आपणहोऊन दोष दाखविणे जड जाते. त्यात गटबाजीची भर पडली की प्रत्येक प्रतिकूल शब्द विरोधी गटाचा समजला जातो. यावर एकच उपाय संभवतो. टीकेची मागणी कर्त्यानेच स्पष्टपणे केली पाहिजे. मागितलेली टीका नात्याला तडा देत नाही.

कसोटी कोणाची?

इस्लाहच्या परंपरेची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. उस्तादाची दुरुस्ती इतकी वाढू शकते की, शागिर्दाच्या नावाखाली उस्तादाचीच गझल उरते. आधुनिक मंडळात ही मर्यादा भाषेच्या रूपाने पुढे येते. मराठवाडी बोलीतील 'करायलो', 'जायलो' ही रूपे प्रमाण मराठीत बदलणे म्हणजे शुद्धीकरण, असे समजणारे मार्गदर्शक आजही भेटतात. अशा वेळी टीकाकाराने प्रथम एकच प्रश्न विचारावा : ही भाषा कवितेत कोण बोलत आहे? बोलणारा शेतमजूर असेल तर बोली हीच तेथील शुद्ध भाषा होय. मात्र एकाच व्यक्तीच्या तोंडी दोन ओळी बोलीत आणि दोन प्रमाण भाषेत, तेही विनाकारण, येत असतील तर ती विसंगती दाखविणे टीकाकाराचे कर्तव्य ठरते.

दलित साहित्याच्या चळवळीने हा प्रश्न अधिक मूलभूत पातळीवर उपस्थित केला. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबाद येथून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, 'अस्मितादर्श' हे नियतकालिक सुरू केले. पूर्वी कोठेही न लिहिलेल्या अनेक तरुणांना या नियतकालिकाने लिहिते केले, आणि त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांतून चर्चेचे व्यासपीठही मिळाले. नव्या अनुभवाला जुन्या सौंदर्यकल्पनांनी मोजू नये, असा आग्रह या चळवळीने धरला. परंतु कोणत्याच कसोटीने मोजू नये, असे तिने म्हटले नाही. शरणकुमार लिंबाळे यांचा 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' हा ग्रंथ नवी कसोटी मांडण्याचाच प्रयत्न आहे. 'हा आमचा अनुभव आहे, म्हणून त्यावर बोलू नका' आणि 'हा अनुभव आमच्या चौकटीत बसत नाही, म्हणून ही कविता नव्हे' या दोन्ही भूमिका संवाद थांबवितात.

अनुभव आणि रचना यांची गल्लत दुःखाच्या कवितेत सर्वाधिक होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. अशा आपत्तीवर, किंवा शेतकऱ्याच्या आत्महत्येवर, त्या दुःखातून गेलेल्या व्यक्तीने लिहिलेली कविता मंडळात वाचली जाते, तेव्हा ऐकणाऱ्याने प्रथम दुःखाचा मान राखावा. ती वेळ तंत्राच्या चर्चेची नव्हे. काही दिवसांनी त्याच व्यक्तीने 'ही कविता कशी झाली आहे?' असे विचारले, तर मात्र केवळ 'हृदयस्पर्शी' एवढे म्हणून सुटका करून घेणे हा त्या दुःखाचा अनादरच होय. इतका मोठा अनुभव अधिक नेमक्या शब्दांना पात्र असतो.

टीका करण्याची रीत

वरील विवेचनावरून टीकेचे तीन थर वेगळे करता येतात. पहिला थर तंत्राचा : वृत्त, काफिया, शब्दाचा अर्थ, नाटकातील प्रवेशाचा क्रम. हा पडताळता येतो, म्हणून तो निश्चयाने सांगावा. दुसरा थर परिणामाचा : वाचताना कोठे लक्ष खिळले, कोठे सुटले, काय कळले, काय कळले नाही. हा एका वाचकाचा अनुभव असल्याने तो 'मला' या शब्दाने सांगावा. तिसरा थर रुचीचा : मुक्तछंद आवडतो की वृत्तबद्ध कविता, विनोदी नाटक आवडते की गंभीर. हा सांगितला नाही तरी चालते. सांगितला तर आपली आवड म्हणूनच सांगावा. मंडळांतील बहुतेक भांडणे तिसऱ्या थरातील मत पहिल्या थराच्या आवाजात सांगितल्याने होतात.

एक काल्पनिक ओळ घेऊन हे स्पष्ट करता येईल. समजा, नवोदित कवीने लिहिले : 'दोर विहिरीचा संपून गेला, पाणी लागले नाही, जिवाला फार वाईट वाटले.' यावर 'छान आहे' हा प्रतिसाद निरुपयोगी, आणि 'ही कविताच नाही' हा प्रतिसाद घातक. उपयोगी प्रतिसाद असा असेल : 'दोर संपला आणि पाणी लागले नाही, येथपर्यंत मला विहिरीची खोली दिसली. पुढच्या शब्दांनी वाईट वाटल्याचे सांगितले, पण ते मला आधीच वाटले होते. ते शब्द वगळून वाचून पाहिले तर काय होते?' या प्रतिसादात प्रथम वर्णन आहे, मग परिणाम आहे आणि शेवटी आज्ञेऐवजी प्रश्न आहे. कवितेची मालकी कवीकडेच राहते.

अमेरिकेतील नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली प्रतिसाद-पद्धती याच दिशेने जाते. तीत प्रथम पाहणारे आपल्याला काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात. नंतर कलावंत प्रश्न विचारतो. नंतर पाहणारे मत न लादता प्रश्न विचारतात. आणि अखेरीस, कलावंताची अनुमती घेऊनच, आपले मत देतात. कलावंताने मागितल्यावर बोलणे ही या पद्धतीतील कळीची अट इस्लाहमध्येही होतीच, कारण शागिर्द कागद स्वतः घेऊन जात असे.

टीका स्वीकारण्याची रीत

टीका घेणे हीदेखील शिकण्याची विद्या आहे. रचना वाचून झाल्यावर कर्त्याने तिचे समर्थन करू लागणे, हा सर्वसामान्य दोष होय. 'मला येथे असे म्हणावयाचे होते' हे वाक्य बैठकीत उच्चारता येते. छापील पानावर मात्र कवी वाचकाशेजारी उभा नसतो. म्हणून प्रथम ऐकावे, लिहून घ्यावे आणि उत्तर त्या दिवशी देऊ नये.

ऐकलेल्या सूचना नंतर निवडाव्या लागतात. वाचक जेथे अडखळला ती जागा खरी मानावी. त्याने सुचविलेला उपाय खरा असेलच असे नाही. तीन वाचक एकाच ओळीवर थांबले आणि तिघांनी तीन वेगळ्या दुरुस्त्या सुचविल्या, तर त्या तिन्ही बाजूस ठेवून कर्त्याने चौथी स्वतः शोधावी. सूचना नाकारण्याचा अधिकार त्याला आहेच. मात्र नाकारण्याचे कारण स्वतःशी तरी स्पष्ट असावे. सांगणाऱ्याविषयीचा राग हे ते कारण असू नये.

निष्कर्ष

१. हौशी कलामंडळातील टीका विधायक ठरण्यास सौम्य शब्द पुरेसे नाहीत. बदल अद्याप शक्य असण्याची वेळ, कर्त्याने केलेली मागणी आणि उभयपक्षी ठाऊक असलेली कसोटी, या तीन अटी तिने पूर्ण केल्या पाहिजेत.

२. इस्लाहने मागणी व कसोटी, तालमीने वेळ आणि कुरुंदकरांसारख्यांच्या प्रस्तावनांनी खुला संवाद, अशी सामग्री या प्रदेशाच्या वारशात उपलब्ध आहे.

३. दाद जाहीर असावी, दुरुस्ती शक्यतो खासगी. कविसंमेलनाच्या अध्यक्षीय समारोपात नवोदिताची चूक दाखविणे टाळावे.

४. बोली, जात, लिंग व अनुभव यांतील भेद लक्षात घेऊन कसोटी तपासली पाहिजे. तथापि भेदाचे कारण सांगून टीकाच टाळणे हे नवोदिताला शिक्षणापासून वंचित ठेवण्यासारखे आहे.

उपाययोजना

साहित्य परिषदेच्या शाखा, वाचनालये व महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे यांनी महिन्यातून एकदा हस्तलिखित-वाचनाची बैठक घ्यावी. उपस्थिती पाच ते सात जणांची असावी. रचनेच्या प्रती आठवडाभर आधी द्याव्यात. कर्त्याने आपल्याला कोणत्या बाबतीत प्रतिसाद हवा आहे, हे दोन-तीन प्रश्नांत लिहून द्यावे. बैठकीत हार, शाल, सत्कार व छायाचित्रे नसावीत. पहिला संग्रह छापणाऱ्या कवीने अशा किमान दोन बैठकींनंतरच मुद्रकाकडे जावे, असा संकेत रूढ करता येईल. नाट्यसंस्थांनी रंगीत तालीम प्रयोगाच्या आदल्या दिवसाऐवजी आठवडाभर आधी घ्यावी, म्हणजे जाणकारांच्या सूचना अमलात आणण्यास अवधी मिळेल. या कशालाही मोठा खर्च लागत नाही. एक खोली, काही प्रती आणि दोन तासांचा निवांतपणा पुरतो.

अशा बैठकीतून जो नवोदित तयार होईल, त्याला एक दिवस मार्गदर्शकाची गरज उरणार नाही, आणि त्याच दिवसापासून तो दुसऱ्याच्या हस्तलिखितासाठी उपयोगी पडू लागेल. हौशी मंडळाचे यश मोजावयाचे तर भरलेल्या संमेलनांच्या संख्येपेक्षा अशा माणसांच्या संख्येवरून ते मोजणे अधिक योग्य ठरेल.